खडूखालची घोडी

आमच्याकडे वरातीसाठी घोड्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. त्यातल्याच एकीच्या पोटी ही आली, पण अंगभर चॉकलेटी. मग दर वर्षी केस गळून नवे आले की ती आणखी पांढरी व्हायची. मागे उरले ते ठिपके, कुठे जांभळाएवढे, कुठे लिंबाएवढे. खुरांवर उभे पट्टे, नाकाभोवतीची कातडी चितकबरी आणि बुबुळाभोवती माणसासारखं पांढरं. मी ठिपके मोजायला बसायचे आणि मोजणी विसरून नुसती बघत राहायचे.

गिऱ्हाइकांना मात्र पांढरीच लागायची. ठिपक्यांची म्हटलं की फोन ठेवायचे. या हंगामात हिला एकही वरात मिळाली नाही तर येवल्याच्या घोडेबाजारात विकायची, असं वडिलांनी सांगून टाकलं. मी दोन दिवस जेवले नाही. ते ढिम्म हलले नाहीत.

मग दिंडोरीच्या एका लग्नाच्या सकाळी ठरलेली पांढरी घोडी लंगडली आणि बाकीच्या दुसऱ्या वरातींना गेलेल्या. वडिलांनी हिच्या अंगाला खडूची पूड चोळली, खुरांना कोळसा फासला, वरून झूल टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले. मला आमचीच लाज वाटली.

इतक्या वराती केल्या, पण नवरदेव चढायच्या आधी बायका घोडीचे पाय धुतात, हे त्या दिवशी आम्ही दोघंही विसरलो. नवरदेवाच्या आईने तांब्याने पाणी घातलं, हात फिरवला. पूड ओघळली. एक ठिपका वर आला, मग दुसरा, मग खुरांचे पट्टे. वाजंत्री थांबली.

बाई पाणी घालत राहिल्या. ओल्या केसांखालच्या कातडीवरही तीच नक्षी होती, आणखी गडद. मी तिला रोज धुणारी, पण त्या उन्हात ती मला पहिल्यांदाच दिसल्यासारखी वाटली.

“एवढं देखणं रूप झाकायला निघालते तुम्ही, भाऊ?”

वडिलांनी मान वर केली नाही. “ठिपक्यांची कोणी नेत नाय, ताई.”

“आम्ही नेतोय ना. आधी हिला नीट धुवा, मग पोरगा चढल.”

वडिलांनी झूल काढली, बादली मागितली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर तिला मानेपासून शेपटीपर्यंत धुतलं. धुऊन झाल्यावरही तिच्या पाठीवर हात ठेवून ते उभे होते. येवल्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.