कुड्याच्या झाडाखाली कोण बसलं होतं?

भूतखेत, भानामती, अंगात येणं... या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. केमिस्ट्री शिकलेला माणूस मी. म्हणूनच हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. पांढरकवड्याला हायवेजवळ माझी छोटी शेड होती. जंगलातून आलेली कुड्याची साल वाळवायची, कुटायची, स्पिरिटमध्ये भिजवून तिचं कडू सत्त्व काढायचं अन् नागपूरच्या एका लॅबला संशोधनासाठी पाठवायचं. आवेवर, रक्ताच्या जुलाबांवर त्यातून औषध निघतं का, हे तिथं तपासत होते. माझी बायको कुसुम कामात सोबत असायची. अन् त्याच आवेनं ती गेली... त्यानंतर शेडमध्ये पाय टिकेना. सगळं विकून राळेगावला भावाकडे जायचं मी ठरवलं.

अशात उन्हाळ्यात लॅबमधले जोगळेकर झाडं बघायला पहिल्यांदाच आले. भर दुपारी रान फिरून शेडवर पोचले अन् म्हणाले, "वाटेत वहिनी भेटल्या."

"कोण वहिनी?"

"तुमच्या मिसेस! कुड्याखाली बसल्या होत्या. मनगटावर भाजल्याचा डाग दिसला, म्हणून विचारलं. स्पिरिटनं भाजलं म्हणाल्या. तुमचं नाव काही घेतलं नाही... हसल्या अन् शेडकडे बोट दाखवलं."

तो डाग कुसुमचाच. ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं अन् माझ्यानंही सांगवेना. नुसता विचारत सुटलो — कशी दिसत होती? थकली होती का? काय बोलली?

"म्हणाल्या, 'भाऊ, या औषधानं माणूस वाचते का?' मी म्हटलं, अजून बघतोय. तर म्हणाल्या, 'मंग लवकर पाहा ना. आमचे मालक एकटेच करून राह्यले.'"

मी अनवाणीच धावलो. झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा... बाकी कोणी नाही. दिवस मावळेपर्यंत हाका मारल्या. मागून आलेल्या जोगळेकरांना तेव्हा खरं सांगितलं.

आसपासच्या गावांत, तांड्यावर विचारून पाहिलं. तसा डाग असलेली बाई कोणालाच ठाऊक नव्हती.

शेड मी विकली नाही. पुढे कित्येक वर्षं त्याच वाटेनं जात राहिलो, मुद्दाम, एकटा. भास म्हणावा, तर तो परक्या माणसाला का व्हावा? अन् ती खरंच आली असेल, तर... मला का नाही दिसली?

याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.