माझ्या नाकातला दुसऱ्याचा गोळा

सावजी रस्सा भुरकला की नागपुरात भल्याभल्यांचं नाक वाहायला लागतं. माझी मात्र दोन वर्षं फक्त डावी नाकपुडी वाहायची. उजवीने संप पुकारला होता. मी आधी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांना दोष दिला, मग उड्डाणपुलांच्या धुळीला, शेवटी बायकोच्या फोडणीला. तिने माझ्या घोरण्याबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिच्याच धाकाने मी नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आत उजेड मारून पाहिलं आणि म्हणाले, "सीटी स्कॅन करून आणा."

"साध्या सर्दीसाठी?"

"एकाच बाजूने बंद आहे म्हणून."

शुक्रवारी स्कॅन झाला. फिल्म लगेच मिळाली, पण रिपोर्ट सोमवारी, कारण तो लिहिणारे डॉक्टर कुठल्याशा लग्नाला गेले होते. मी काउंटरवरच्या मुलीला हसत विचारलं, "सर्दीच आहे ना?" तिने फिल्म उजेडात धरली आणि ती हसली नाही. "आत काहीतरी भरलेलं दिसतंय काका. रिपोर्ट येऊ द्या."

आमच्या घरात असं वाक्य कुणी सहज ऐकत नाही. बाबा गालाच्या कॅन्सरने गेले. मी तेव्हा परीक्षा देत होतो; दवाखान्यात त्यांच्याजवळ मोठा भाऊ राहिला होता. शुक्रवारी मी ताटावरून तसाच उठलो. बायकोने काटोलला दादाला फोन केला.

शनिवारी पहिल्या बसने दादा आला. हातात संत्र्यांची थैली नव्हती, म्हणजे गडी घाईत निघाला होता. दादाला सगळं कळतं. मोटारपंप, कोर्टाचा निकाल, म्हशीचं बाळंतपण, कशावरही त्याचं मत तयार असतं. आल्या आल्या त्याने गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला, फिल्म काढली आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरली. घरात फिल्म आली की ती आधी नातेवाइकांनी वाचायची आणि मग डॉक्टरांनी, ही आमच्याकडची रीतच आहे. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तरही चष्मा पुसत खाली उतरले.

काचेवर माझी कवटी उन्हात उजळली. एका गालामागची पोकळी काळीभोर होती, दुसरी राखाडी रंगाने गच्च भरलेली.

"तुहं नाक कोन्या बाजूनं बंद हाय?" दादाने विचारलं.

"उजव्या."

"आन हे कोन्या बाजूले भरलं हाय?"

मी पाहिलं. भरलेली बाजू डावीकडे होती.

"मंग? तुही फिल्मच नोहे हे! बदलली!"

"पण नाव माझंच छापलंय."

"नावाचं काय सांगतं गा? माह्या सातबाऱ्यावर तीन वर्षं शेजाऱ्याचं नाव होतं."

कडेला इंग्रजी 'आर' छापला होता. मास्तरांनी त्यावर बोट ठेवून तो 'रिजेक्ट'चा असणार असं जाहीर केलं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. कोण वाद घालणार?

"थांब, मी त्याईले सांगूनच येतो," म्हणत दादा फिल्म घेऊन तावातावाने निघाला. जेवायच्या वेळेला परतला आणि म्हणाला, "बंद होतं. आता सोमवारीच."

दोन दिवस आमच्या घरी दिवाळी होती. मी शनिवारी तर्रीपोहे हाणले, रविवारी मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करली. कुणा बिचाऱ्याचा गोळा माझ्या पाकिटात आला, तो गृहस्थ निर्धास्त हिंडत असेल, असं मी हळहळून म्हणालो आणि अजून एक वाटी मागितली. आज त्याची लाज वाटते. तेव्हा अजिबात वाटली नाही.

सोमवारी सकाळी मी एकटाच भांडायला गेलो. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. "काका, फोटो तुम्ही समोर बसल्यासारखा असतो. तुमची उजवी बाजू माझ्या डावीकडे. हा 'आर' म्हणजे राइट."

गोळा माझाच होता.

"शनिवारी ही फिल्म घेऊन आलेल्या काकांनाही हेच समजावलं," ती म्हणाली. "ते भांडले नाहीत. फिल्म मांडीवर घेऊन अर्धा तास बाकावर बसून राहिले. मी पाणी दिलं, तेही घेतलं नाही."

मी रिपोर्ट घेतला आणि घरी कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी दादाच मला डॉक्टरांकडे घेऊन गेला. वाटेत तो मोटारपंपावर बोलत होता.

डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर चढवली. "गोळा हाड खातो की ढकलतो ते मी बघतो. याने ढकललंय. कडा बघा कशा गुळगुळीत आहेत. साधा मांसाचा कोंब दिसतोय, पॉलिप."

"आणि खाल्लं असतं तर?"

"तर मी चहा पीत बोललो नसतो. तरी काढून तपासल्याशिवाय लेखी देणार नाही."

नाकातूनच दुर्बीण घालून काढला. सोललेल्या द्राक्षासारखा, देठासकट. तपासणीत साधाच निघाला, आणि तो कागद वाचताना मी दवाखान्याच्या जिन्यात सगळ्यांसमोर रडलो.

काटोलला परत जायच्या दिवशी दादा चपला घालत होता. मी विचारलं, "तुले शनिवारीच मालूम होतं ना?"

"होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

त्याने खाली बघतच पट्टा लावला. "तू जेवून राहिला होता गा," तो म्हणाला. "बाबा शेवटी जेवतच नव्हते."