पट्ट्याची पाळी

बाळकुमच्या राघोच्या घरात दाराशेजारी एक खुंटी होती. एका सालाआड, दिवाळीपासून ज्येष्ठापर्यंत, त्या खुंटीला चामड्याचा एक पट्टा लटके. मधल्या साली तोच पट्टा समोरच्या दारी, धाकट्या भावाच्या, धाकूच्या घरात असे.

पट्टा मिठागरावरच्या सरकारी चौकीचा. त्याच्या पितळी बिल्ल्यावर चौदाचा आकडा होता. दिवाळी झाली की खाडीकाठची मिठागरं सुरू होत आणि मिठाच्या राशींवर पहारा करायला चौकी हंगामी शिपाई घेई. पावसाच्या तोंडावर राशी गवतानं शाकारून झाल्या, की पट्टा चौकीत जमा करायचा आणि शेताकडे वळायचं.

राघोला पहिल्यांदा घेतलं ते मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली. वहीत नाव चढलं, ‘राघो बिन नाथा’. तिसऱ्या हंगामाला धाकू अंगानं भरला, तेव्हा बापानं, नाथानं, दोघांना पुढ्यात बसवलं. नाथाच्या चुलतघरात गावची पाटीलकी होती. ती चार भावांत साल-सालानं फिरे.

“सरकारचा काम म्हंजे वतन,” नाथा म्हणाला. “वतन एकाचा नसतं, घराचा असतं. एक हंगाम तू, एक हंगाम यो.”

दोघांनी मान हलवली. त्यात विचारण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. नाथा गेला, पण पाळी राहिली. हजेरीला ‘राघो बिन नाथा’ पुकारलं की ज्याच्या अंगावर पट्टा असे तो भाऊ ‘हाजीर’ म्हणे. जमादाराला एक माणूस हवा होता, एक मिळत होता.

घरात मात्र पट्ट्याला मान होता. ज्या साली पट्टा घरात, त्या साली विहिरीवर बायका त्या घरची घागर आधी भरू देत. राघोची बायको बायजा चिंच आणि राख लावून बिल्ला असा घासायची की त्यात तोंड दिसावं. धाकूची मालन चामड्याला करंजाचं तेल चोळायची. मालनच्या साली बिल्ला काळा पडतो, असं बायजा शेजारणीला सांगे. बायजाच्या साली चामडं तडकतं, असं मालन त्याच शेजारणीला सांगे.

असे सतरा हंगाम गेले. राघोच्या डोळ्यांना मिठाच्या पांढऱ्या उन्हानं धरलं होतं. दुपारी बांधावरचा माणूस त्याला ओळखू येईना, नुसता हलताना दिसे. मूल म्हणून दोन मुली, एक शहाडला दिलेली, एक खाडीपलीकडे. धाकूला तीन मुलगे होते. बायजा हे कधी बोलून दाखवत नसे, पण भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबे.

अठराव्या हंगामात, माघात, सबनीस कारकुनानं चौकीच्या अंगणात हुकूम वाचला. ज्या हंगामी शिपायांचे हंगाम सलग भरले आहेत त्यांना कायम करणार. मागचे हंगाम धरणार. पुढे म्हातारपणी घरी बसून मरेपर्यंत पेन्शन. ते साल राघोच्या पाळीचं होतं. तो धावत नसे, पण त्या दिवशी बांधावरून जवळजवळ धावतच घरी आला.

“पिन्सन,” तो बायजाला म्हणाला. “डोळे गेले तरी सरकार घास घालल.”

धाकू अंगणात जाळं विणत होता. तो हसला. “मंग काय दादूस, पिन्सनीची पन पाळी लावू. एक साल तू म्हातारा, एक साल मी.”

बायजाही हसली. गेल्या कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

सोमवारी राघो पट्टा घालून ठाण्याला कचेरीत गेला. सबनीसांनी वही उघडली, भिंतीशी त्याची उंची मोजली. “हात पुढे कर.”

राघोनं हात पुढे केले. सबनीसांनी बोटं मोजली, पुन्हा वहीत पाहिलं, पुन्हा मोजली.

“दहा.”

“व्हय सायेब, धा.”

“साडेनऊ हवीत. वहीत लिहिलंय, डाव्या हाताची करंगळी अर्धी.”

राघोला क्षणभर काही कळेना. मग कळलं. जुनी वही भरतीच्या पाण्यात भिजली होती, म्हणून नवव्या हंगामात नवी केली होती. एकेका शिपायाला समोर उभं करून त्याच्या अंगाच्या खुणा लिहिल्या होत्या. नववा हंगाम धाकूचा. ती करंगळीही राघोमुळेच अर्धी झालेली. लहानपणी खाडीच्या बांधावरच्या उघाडीची, पाणी सोडायच्या दाराची, फळी त्याच्या हातून सुटली होती, आणि खाली धाकूचा हात होता.

“ती भावाची, सायेब,” तो सरळ म्हणाला. “आमची पाळी असते.”

सबनीसांनी लेखणी खाली ठेवली. दाराकडे पाहिलं. “पाळी? ही काय पाटीलकी आहे? अरे, नोकरी माणसाची असते, घराची नाही. हे साहेबांच्या कानावर गेलं तर खोट्या नावानं हजेरी दिली म्हणून दोघंही तुरुंगात जाल.”

राघो हात तसेच पुढे धरून उभा होता.

“हात खाली घे. नाव तुझं आहे, अंग त्याचं आहे. सरकारला दोन्ही एका जागी लागतं. गुरुवारी साहेब येताहेत. वहीतला राघो माझ्यापुढे उभा राहिला तर मी त्याला कायम करून घेईन. तू आलाच नाहीस, मी काही ऐकलं नाही. जा.”

घरी बायजा मोरळीवर सुकी मासळी कापत होती. राघोनं सगळं सांगितलं. मग तिनं मोरळीच्या पात्याकडे पाहिलं.

“करंगळीच ना?”

“खुळी हायस? ती जखम लहानपणची. ताजी सायेब वळखनार नाय?”

एवढ्यात समोरून धाकू आणि मालन आले; त्यांनी दारातून सगळं ऐकलं होतं. धाकूचा चेहरा उतरलेला होता. “दादूस, मी जातंव. नायतर दोघांचा जाईल. पिन्सन मिळंल तवा अर्धी तुजी.”

“आन तू आधी मेलास तर?” बायजानं विचारलं.

“बाय, काय ही जीभ!” मालन म्हणाली. “माज्या कुंकवावर उठलीस?”

“पिन्सन मानसासंगं मरते गो. सरकार तुज्या दिराला इचारनार नाय, हा कोन म्हनून.” बायजा उठली. माशाचे हात तिनं पुसले नाहीत. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. कुठलीच बाई काढत नसे. “राघो ह्ये हायत,” ती मोठ्यानं म्हणाली. “राघो. त्यो नाय.”

मालननं पदर तोंडाशी नेला. धाकूनं मान खाली घातली. राघो एवढंच म्हणाला, “बस खाली. सायेबाम्होरं तुजा कोन ऐकनार?”

गुरुवारी सकाळी मालन पट्टा न्यायला आली. चामड्याला तेल लावायची तिची वाटी तिनं बरोबर आणली होती. बायजानं खुंटीवरून पट्टा काढून तिच्या हातात दिला. बिल्ला घासलेला नव्हता.

धाकूची करंगळी वहीशी जुळली. राघो बिन नाथा कायम झाला.

धाकू वाईट नव्हता. पण कायम शिपाई एका चौकीत राहत नाही, हे पाळी लावताना नाथाला ठाऊक नव्हतं. आषाढ लागायच्या आत बदली झाली, खाडीपलीकडे, लांब. मालननं भांडी बांधली, मुलांना पुढे घातलं. जाताना ती बायजाच्या पाया पडली, आणि बायजानं तिला उठवलं. समोरच्या दाराला कडी लागली. गणपतीला येऊ म्हणाले होते. गणपतीला निरोप आला, रजा नाही.

राघोनं त्या पावसात भात लावलं. रोपं हातानं चाचपून लावावी लागत. दिवाळी झाली तसा तो चौकीत गेला. दुसरं करण्यासारखं त्याला काही येत नव्हतं, आणि पहाऱ्याला थोडं दिसलं तरी चालतं असं त्यानं बायजाला सांगितलं होतं.

सबनीस वही भरायला आले होते. त्यांनी वर पाहिलं आणि लगेच खाली.

“नाव?”

राघो थांबला. त्याचं नाव खाडीपलीकडच्या वहीत होतं.

“धाकू.”

“बापाचं?”

“नाथा.”

“आधी सरकारी काम केलंयस?”

“नाय सायेब.”

“हात.” सबनीसांनी हात पाहिले. “दोन्ही हात धड,” असं पुटपुटत त्यांनी लिहिलं. “हंगाम पहिला. असेच सलग भरत गेलास तर पुढेमागे कायम होशील.” हे ते प्रत्येकालाच सांगत.

घरी बायजानं नवा पट्टा हातात घेऊन पाहिला. बिल्ल्यावर एकतीसचा आकडा होता. तिनं तो खुंटीला अडकवला आणि चुलीकडे गेली. चिंच फडताळातच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरावर शिपाई ओळीनं उभे राहिले. नवा जमादार पुकारू लागला. “धाकू बिन नाथा.”

राघो उन्हात डोळे बारीक करून समोरच्या राशीकडे पाहत होता.

“धाकू बिन नाथा! बहिरा झालास काय रे, पहिल्याच हंगामाला?”

ओळीतले दोघे-तिघे हसले. शेजारच्यानं कोपर मारलं.

“हाजीर,” राघो म्हणाला.