आशेची मेणबत्ती गोठ्यात

आमच्या मंडळीत मेणबत्त्यांवरून जेवढे वाद होतात तेवढे पवित्र शास्त्रावरूनही होत नाहीत. घोटावड्याच्या आसपास राहणारी आम्ही ख्रिस्ती कुटुंबं म्हणजे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. चर्च पार शहरात. म्हणून आगमनकाळात, नाताळाआधीच्या चार रविवारी, संध्याकाळची प्रार्थना आम्ही आळीपाळीने एकमेकांच्या घरी करतो. मोरपंखीच्या डहाळ्यांचं एक गोल चक्र असतं, त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. पहिली मेणबत्ती आशेची. ज्या घरी प्रार्थना होते तिथे ते चक्र आठवडाभर मुक्कामाला राहतं आणि मग स्कूटरवर, कुणाच्या तरी मांडीवरच्या परातीत बसून पुढच्या घरी जातं.

मेणबत्त्या फक्त प्रार्थनेपुरत्या पेटवायच्या, हा मंडळीतल्या ज्येष्ठ मावशींचा नियम. त्या मेणबत्त्या स्वतः शहरात जाऊन निवडून आणतात, आणि कोणाच्या घरी कोणती किती जळली यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. चर्चचे पाळकसुद्धा मावशींना वचकून असतात.

गेल्या वर्षी पहिला रविवार आमच्या घरी आला. नेमका आमच्याच.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या मशिनींची दुखणी काढण्यात गेलेला माणूस एका सकाळी घरी बसला. सुरुवातीला अर्ज झाले, फोन झाले, ओळखीपाळखी झाल्या. पन्नाशी उलटलेला फिटर कुणाला नको होता. मग फक्त पलंग उरला. मी शाळेत शिकवायला निघाले की हे भिंतीकडे तोंड करून पडलेले, परत आले की तसेच. त्या भिंतीत एवढं काय दिसत होतं देव जाणे. मी चिडायचे, मग चिडल्याचं वाईट वाटायचं, मग वाईट वाटल्याबद्दल पुन्हा चिडायचे. देवावरही चिडून घेतलं. तो उलट बोलत नाही, एवढं एक बरं आहे.

"आपल्याकडे नको ठेवू प्रार्थना," हे म्हणाले. "आशेवर काय बोलणार आपण?"

"तुम्ही नका बोलू. चहाला तरी बाहेर याल ना?"

आले नाहीत. बाहेरच्या खोलीत आम्ही आशेची गीतं गात होतो आणि आतल्या खोलीत हा माणूस पांघरूण डोक्यावरून घेऊन पडला होता. मला तर गाताना लाज वाटत होती. माझं सगळं मागणं त्या आठवड्यात एकच होतं: हा माणूस पलंगावरून उठू दे. नोकरीचं नंतर बघू.

त्याच आठवड्यात एके सकाळी गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दिवसभर वीज नाही, त्यामुळे घरोघरचे फोन संध्याकाळपर्यंत मान टाकून बसलेले. मी शाळेतून परस्पर नाताळच्या गाण्यांच्या सरावाला गेले आणि दिवेलागणीला घरी आले. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. पलंग रिकामा. टेबलावरच्या चक्रात चाचपडले तर तीनच मेणबत्त्या हाताला लागल्या. एकीच्या जागी भोक.

मनात नको नको ते आलं. कारखान्यातला यांचा एक सोबती त्याच महिन्यात घरातून निघून गेला होता, तो सापडायला आठवडा लागला होता. मी अनवाणीच अंगणात धावले. हाक मारायला तोंड उघडलं, तर शेजारच्या गोठ्याच्या कुडातून उजेड हलताना दिसला आणि पाठोपाठ आवाज आला.

"दादा, वर धरा की! माझा पेंढा पेटवून देताय का?"

शेजारच्या काकींचा आवाज. काकींची शेरडं आहेत आणि जीभ तिखट आहे. मी दारात जाऊन उभी राहिले. काकी बाह्या सारून पेंढ्यात बसल्या होत्या, पुढ्यात त्यांची पहिलटकरीण शेळी आडवी, आणि आमचे हे आशेची जांभळी मेणबत्ती उंच धरून उभे. मेण मनगटावरून ओघळत होतं.

"काकी, हात भाजतोय."

"भाजू द्या. तिचं काय चाललंय बगा, ती म्हंतीया का काय?"

"आता कुठवर आलंय?"

"पाय मागं मुडपलाय त्याचा. जरा दमानं घ्या. ताई, तुमी कशाला दारात वाट अडवताय? व्हा बाजूला!"

मी निमूट बाजूला झाले. काकींनी हात घातला, शेळी ओरडली, हेही ओरडले, आणि थोड्या वेळाने एक ओलं, काळ्या कानांचं करडू पेंढ्यावर येऊन पडलं. काकींनी त्याचं नाक पुसलं, गोणपाटाने खसाखसा चोळलं. ते शिंकलं. आणि माझा नवरा हसला. दिवाळीपासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

"लई ग्वाड हाय बया," काकी म्हणाल्या, आणि ते करडू सरळ यांच्या हातात दिलं.

घरी येऊन हात धुताना हे बोलत सुटले. काकींच्या घरचे पुरुष मेंढरं घेऊन ताम्हिणीकडून कोकणात उतरलेले, काकी एकट्या, अंधार पडलेला, त्यांनी दारावर थाप मारून विचारलं, कुणी उजेड धराल का?

मेणबत्ती आता बोटाच्या पेराएवढी उरली होती.

"अहो, ही आशेची होती!"

"साध्या कुठे ठेवतेस तू?" लग्नापासून आजवर या माणसाला हे ठाऊक नाही. "आणि हीच तेवढी वापरलेली होती. बाकीच्या तिघी कोऱ्या. त्यांना हात लावायची छाती झाली नाही. मावशींनी मला जिवंत ठेवलं नसतं."

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा पलंग पुन्हा रिकामा. आता घाबरले नाही. हे गोठ्यात करडू बघायला गेले होते. नंतर रोजच जाऊ लागले. काकींनी फुकटचा गडी बघून पाण्याची मोटर, कडीकोयंडा, सगळं दुरुस्त करून घेतलं.

दुसरा रविवार मावशींच्याच घरी, नांद्याला. परात मांडीवर घेऊन मी स्कूटरवर मागे बसले. मावशींनी चष्मा लावून पाहिलं.

"ही उंदरांनी खाल्ली की काय?"

मी सबब शोधत होते, तेवढ्यात यांनीच सगळं सांगितलं, काकींच्या आवाजासकट. सगळे खो खो हसले, मावशी सोडून. त्या उठल्या आणि कपाटातून नवीकोरी मेणबत्ती घेऊन आल्या.

"मावशी, तीच राहू द्या ना," हे म्हणाले.

मावशींनी नवी मेणबत्ती परत कपाटात ठेवून दिली. "गोठ्यातून आलीय म्हणा. मग काय बोलायचं? आपला सगळा कारभार गोठ्यातूनच सुरू झालाय."

चौथ्या रविवारपर्यंत ते थोटूक कसंबसं टिकलं. पेटवताना काडीच जास्त जळाली. मग प्रत्येकाने एकेक ओळ प्रार्थना करायची असते, आणि यांची पाळी आली की मागचे दोन्ही रविवार आम्ही सगळे शांतपणे पुढे गेलो होतो. त्या दिवशीही पुढची बाई तोंड उघडणार, तोच वात मेणात बुडून विझली. धूर वर गेला. मावशींनी एक डोळा उघडलेला मी पाहिला, कारण माझेही उघडेच होते.

आणि शेजारून यांचा आवाज आला.

"प्रभू, काम अजून मिळालेलं नाही. पण सकाळी उठावंसं वाटतंय. आमेन."

सगळ्यांत मोठं आमेन मावशींचं होतं. माझं आलंच नाही, मी रडत होते.