आठ ते नऊचा तास

पुण्याजवळच्या मांजरी गावच्या ख्रिस्ती मंडळीत त्या वर्षी योद्धे फार झाले. फेब्रुवारीत तीन दिवसांचं शिबिर भरलं. बाहेरगावचे एक उपदेशक आले. सुखात लोळणारा ख्रिस्ती माणूस सैतानाला सगळ्यात जास्त आवडतो, हे त्यांनी घसा बसेपर्यंत सांगितलं, आणि लोकांनी देवळाच्या नव्या एसी हॉलमध्ये गादीच्या खुर्च्यांवर बसून जोरात आमेन म्हटलं. बुधवार पेठेतून नवे स्पीकर आणले होते, त्यामुळे आमेन पलीकडच्या उसापर्यंत ऐकू गेलं. शेवटच्या दिवशी काळे टी-शर्ट वाटले. पुढे तलवार, मागे 'आत्मिक योद्धा'. मग बिर्याणी. बिर्याणीच्या रांगेत दोन योद्ध्यांची लेग पीसवरून बाचाबाची झाली.

बापूराव तोरण्यांनाही एक टी-शर्ट मिळाला. तो त्यांनी ओटा पुसायला घेतला. त्याही कामाचा निघाला नाही. कापड पॉलिस्टर, पाणी टिपेना.

बापूराव अडुसष्ट वर्षांचे, मूळचे नेवाशाकडचे. हडपसरच्या एका रंगाई कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी बॉयलर सांभाळला. बॉयलरवाल्याला एकच नियम पाळायचा असतो: पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. काचेच्या नळीतलं पाणी खाली गेलं आणि कोणी बघायला नसलं, तर छप्पर उडतं आणि छपराखालची माणसंही. रिलीव्हर आला की तोंडी ताबा द्यायचा. दाब इतका, पाणी इतकं, पंप असा चालतोय. तो 'घेतला' म्हणाला की मगच आपला डबा उचलायचा. एकदा पुरात रस्ते बंद झाले, रिलीव्हर पोचला नाही, तेव्हा बापूराव सलग तेवीस तास उभे होते. लघवीला गेले तेही दार उघडं ठेवून. ही गोष्ट ते लग्नाकार्यात सांगत, आणि सांगताना ताठ होत.

हेच बापूराव देवळात मात्र चाळीस वर्षं मागून दुसऱ्या बाकावर बसले. उपदेश सुरू झाला की त्यांचे डोळे मिटत, आणि ते प्रार्थनेसाठी मिटत नसत. उपास, शुक्रवारची प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं विमलाबाई करत. "एका घरातून एक माणूस पुरे," असं बापूराव म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांना यात काही चुकतंय असं वाटलं नाही.

मग विमलाबाई आजारी पडल्या. मंडळीनं त्यांच्यासाठी साखळी प्रार्थना लावली. म्हणजे दिवसाचे तास पाडायचे, प्रत्येक तासापुढे एक नाव लिहायचं. वेदीसमोर चटई असते, तिथं त्या माणसानं तासभर गुडघे टेकायचे. पुढचा आला की त्यानं उठायचं. साखळी तुटू द्यायची नाही, एवढाच त्यात अर्थ. बापूरावांनी दुपारी तीन ते चार घेतला. चारला कोणी आलं नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, गुडघे झाडले आणि घरी आले.

विमलाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "तुमच्यामागून कोण बसलं?"

"कोणी आलं नव्हतं तोवर. येईल."

"बॉयलर असा सोडला असतात का हो?"

बापूराव पाणी आणायला म्हणून आत गेले आणि आतच उभे राहिले. नऊ दिवसांनी विमलाबाई गेल्या. त्या जाणारच होत्या, डॉक्टरांनी तसं सांगितलंही होतं. जागा रिकामी राहिली त्या अर्ध्या-पाऊण तासानं त्यांना मारलं असं समजण्याइतके बापूराव भोळे नव्हते. पण पगार देणाऱ्या मालकाच्या वाफेसाठी तेवीस तास, आणि बायकोसाठी घड्याळ बघून एक. माणूस कशामुळे गुडघ्यावर येतो यावर त्या उपदेशकांनी तीन दिवस घेतले. बापूरावांना तिथं लाजेनं आणलं, आणि त्याला एक वाक्य पुरलं.

तेव्हापासून चार वर्षं ते प्रत्येक साखळीत बसत, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय उठत नसत. लोकांना हे फार सोयीचं पडलं. 'बापूराव आहेत ना' असं म्हणून लोक बिनधास्त नाव द्यायचे आणि बिनधास्त यायचे नाहीत.

मार्चमध्ये सुशीलाबाई शिरसाठांच्या तनुजाचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. झडप बदलायची होती. तनुजा एकोणतीस वर्षांची, सुशीलाबाईंना तेवढी एकच. रविवारी उपासना संपल्यावर सुशीलाबाई उभ्या राहिल्या. बोलायची सवय नव्हती त्यांना. म्हणाल्या, "शनिवारी नऊला आत घेणारेत. माझी पोरगी आत आहे तोवर वेदीसमोरची जागा रिकामी राहू देऊ नका. दुसरं काही मागत नाही."

तरुण संघाचा पुढारी तेजस लगेच कामाला लागला. बत्तीस वर्षांचा, आयटीतला, शिबिराचा सगळा बेत त्याचाच. त्यानं ग्रुपवर यादी टाकली, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. सात मिनिटांत बारा नावं आली, प्रत्येकापुढे जोडलेले हात. तेजसनं वर लिहिलं, 'योद्धे सज्ज!'

शनिवारी सहाला रतनमावशी आल्या आणि तास पुरा करून गेल्या. सातला बापूराव बसले. आठला तेजसनं यायचं होतं. आठ वाजून पाच मिनिटांनी चटईवरचा फोन उजळला. ग्रुपवर तेजसचा संदेश होता: 'माझा स्लॉट सुरू. जागे राहा, योद्ध्यांनो.' खाली तलवारीचं चित्र.

बापूरावांनी गुडघ्यावरूनच फोन लावला. पलीकडे गाणी जोरात वाजत होती.

"प्रेज द लॉर्ड, काका!"

"कुठं आहेस?"

"जिममध्ये. इथूनच करतोय प्रेयर, ट्रेडमिलवर. गॉड इज एव्हरीव्हेअर ना काका."

"देव सगळीकडे आहे रे. तू इथं नाहीस."

"काका, तुम्ही उठा ना मग. तुमचा तास झाला."

"कोणाला ताबा देऊन उठू?"

"असं काय करता? हे काय फॅक्टरी आहे का?"

"नाही. फॅक्टरीत तुला आत घेतला नसता," बापूराव म्हणाले आणि फोन ठेवला.

नऊला सुशीलाबाईंचा निरोप आला: 'आत नेली.' नऊ ते दहा पियुषचा तास होता. पियुष आला नाही. बापूरावांनी चष्मा नीट केला आणि एका बोटानं ग्रुपवर टाइप केलं: 'नऊ वाजून गेले. आठ ते नऊ अजून चालू आहे. तेजस आला नाही.'

संदेश सत्तावीस जणांनी वाचला. चार जणांनी जोडलेले हात पाठवले.

दहाला त्यांनी पुन्हा लिहिलं: 'दहा वाजले. आठ ते नऊ अजून चालू आहे. तेजस आला नाही.' अकराला तेच, फक्त आकडा बदलून. शिव्या द्यायची त्यांना गरज वाटली नाही. कारखान्यात नोंद अशीच करत.

साडेअकराला पाळकसाहेब आले. प्रार्थनेला नव्हे, माइक न्यायला. हडपसरला लग्न लावायचं होतं. बापूरावांना पाहून ते थबकले.

"अहो बापूराव, सातपासून? तुम्हाला शुगर आहे. उठा, थोडं खाऊन घ्या. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही."

"देव नसेल. सुशीलाबाई बसल्यात."

"तसं नव्हे हो. मनातल्या मनातही..."

"मग आपण बसता का? मी दहा मिनिटांत खाऊन येतो."

पाळकसाहेबांनी माइकची वायर गुंडाळली. नवरीकडचे लोक खोळंबले असतील, म्हणाले. जाताना दोन बोटांनी त्यांनी बापूरावांच्या डोक्याला आशीर्वाद दिला आणि एसी लावून गेले. बापूरावांना थंडी वाजायला लागली.

खिशात दोन पेपरमिंट होत्या, त्या संपल्या होत्या. उजवा गुडघा केव्हाच बधिर झाला होता, डावा अजून बोंबलत होता. प्रार्थनेचे शब्द तर नऊच्या आधीच संपले होते. बापूरावांजवळ ते पहिल्यापासून कमीच. 'पोरगी आत आहे, लक्ष असू दे,' एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत. घाम सुटून भोवळ आली तर आपण इथंच आडवे होऊ, आणि मग जागा रिकामी ती रिकामीच, हा हिशेब त्यांना कळत होता. उठलं तर साखळी तुटते, नाही उठलं तर माणूस पडतो. त्यांनी वेदीचा कठडा धरला.

बारा वाजून दहा मिनिटांनी दार आपटलं. तेजस आला. काळा टी-शर्ट, पाठीवर सॅक, आणि चेहरा लाल.

"काका, हे काय लावलंय ग्रुपवर? दर तासाला माझं नाव? माझ्या सासूनं वाचलं!"

"सासूबाई वाचतात? बरं झालं. कोणीतरी वाचतंय."

"पियुष नाही आला, जोसेफ अंकल नाही आले, त्यांची नावं नाही टाकलीत. माझंच का?"

"त्यांची पाळी अजून आलीच नाही. तुझाच तास चाललाय. आठ वाजून चार तास दहा मिनिटं झालीत."

तेजस काहीतरी बोलणार होता. मग त्याचं लक्ष कठड्यावरच्या हातांकडे गेलं. हात कापत होते. त्यानं सॅक खाली टाकली.

"काका, तुम्ही उठा आधी. काही खाल्लंय का?"

"तू बस आधी."

"अहो, पडाल तुम्ही!"

"बस म्हटलं."

तेजस बसला. मांडी घालून.

"गुडघ्यावर."

तेजस गुडघ्यावर आला. बापूराव म्हणाले, "नऊला आत नेली. त्यानंतर फोन नाही. सुशीलाबाई बाहेर एकट्या आहेत. शब्द सुचले नाहीत तर तनुजाचं नाव घे. पुढचा येऊन चटईवर टेकेपर्यंत उठायचं नाही. घेतलास?"

"हो."

"हो नाही. घेतला म्हण."

"घेतला," तेजस म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात इंग्रजी नव्हतं.

बापूरावांना मात्र उठता येईना. तेजस हात द्यायला उठू लागला, तर ते त्याच्यावर ओरडले. आत्ताच ताबा घेतलास आणि जागा सोडतोस? ते रांगत पहिल्या खुर्चीपर्यंत गेले, तिला धरून उभे राहिले. पाच मिनिटं तसेच उभे. मग भिंतीच्या आधारानं बाहेर आले. गेटासमोरच्या टपरीवर दोन केळी आणि साखरेचा चहा घेतला. साखरेचा चहा त्यांना वर्ज्य होता. तो त्यांनी बशीत ओतून प्यायला.

घरी जायचं सोडून ते हॉलच्या पायरीवर बसले. तेजसवर विश्वास म्हणाल तर नव्हताच. एक वाजला, दीड झाला. यादीतलं कोणी आलं नाही. दर थोड्या वेळानं बापूराव दार किलकिलं करून बघत. तेजस कधी टाचांवर बसलेला, कधी एका हातावर रेललेला. एकदा तो फोन बघताना दिसला. बापूराव खाकरले, फोन सॅकमध्ये गेला. एसी बंद करायला ते दोनदा हळूच आत गेले. दोनदा, कारण पहिल्यांदा चुकीचं बटण दाबलं होतं.

अडीचला सुशीलाबाईंचा फोन आला.

"बाहेर आणली बापूराव. नळीनंच श्वास चाललाय. दोन दिवस काही सांगता येत नाही म्हणतात." मग, "आत्ता कोण बसलंय?"

"तेजस."

"तो टी-शर्टवाला?"

"तोच."

"टिकेल का?"

"सांगता येत नाही. मी दारात आहे."

सुशीलाबाईंनी पदरानं नाक पुसल्याचा आवाज आला. "बरं," म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

बापूरावांनी आत जाऊन सांगितलं. तनुजा बाहेर आलीय. दोन दिवस धोका आहे.

तेजसनं मान वर केली. डोळे लाल होते, झोपेनं की आणखी कशानं कोण जाणे. "मग नवीन यादी टाकतो ग्रुपवर. दोन दिवसांची. लोक लगेच नावं देतील."

"देतील की. नावं द्यायला काय लागतं?"

तेजस चटईवरच्या धाग्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "सहापर्यंत मी आहे. तुम्ही घरी जा, औषध घ्या."

"सहा म्हणजे?"

"सहा म्हणजे तुम्ही येईपर्यंत."

बापूराव रिक्षा करून घरी गेले. इंजेक्शन घेतलं, भाकरी खाल्ली, गुडघ्यांना तेल लावलं, आणि जुनी सतरंजी चौघडी करून बगलेत मारली. सहाला दहा कमी असताना ते परत हॉलवर होते. तेजस चटईवरच होता. भिंतीला टेकलेला, एक पाय लांब पसरलेला, टी-शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. बसण्याची ही काही रीत नव्हे. एकतीस वर्षांत असा माणूस त्यांनी बॉयलरजवळ फिरकू दिला नसता.

त्यांनी सतरंजी अंथरली आणि कठडा धरून हळूहळू गुडघे टेकले.

"बोल," ते म्हणाले. "काय परिस्थिती आहे?"