देवाचा उजवा

"हा मी केला, का आपसूक झाला?"

हातातला चहा सांडला की काका हे विचारायचे. दाराच्या उंबऱ्याला ठेच लागली की विचारायचे. एकदा शेजारच्या कोंबडीवर त्यांचा पाय पडता पडता राहिला, तेव्हा त्यांनी कोंबडीलाच विचारलं. ती ओरडत पळाली. "बघ," काका मला म्हणाले, "तिलापण ठाऊक नाय."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण आमच्या काकांना हा नाद मी लावला होता, हे आधीच कबूल करते.

मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आमचं गाव. काका आमच्या समोरच्या घरात राहायचे. गावदेवाची पूजा त्यांच्याकडे होती, आणि पूजेपेक्षा मोठं काम म्हणजे कौल लावणं. विहीर कुठे खणायची, मुलगी कुठे द्यायची, म्हसा गावच्या जत्रेत पाहून ठेवलेला बैल आणायचा की नाही, सगळं देवाला विचारून. काका देवाच्या दगडाच्या दोन खांद्यांवर तगरीच्या दोन ओल्या कळ्या चिकटवायचे. आपल्या उजव्या हाताकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सगळे श्वास धरून बसायचे. मधूनच काका दम द्यायचे, "खोकू नका रे, देव दचकंल."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुरबाडला बी.एस्सी.ला कॉम्प्युटर घेतलं होतं. एके दिवशी सरांनी वर्गात सांगितलं की काही लोकांच्या मते हे सगळं जग म्हणजे कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर चाललेला एक खेळ असू शकतो. आपण मनाने ठरवतो असं आपल्याला वाटतं, पण तेही त्या खेळातच लिहिलेलं असेल. मला हे इतकं आवडलं की संध्याकाळी ओटीवर बसून मी ते काकांना सांगितलं.

काकांनी वर विजेच्या तारेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपली लाईट जाते तेव्हा त्याचीपण जाते का?"

"नाही काका. त्याची वेगळी असणार."

"म्हंजे त्याचा वायरमन बरा हाय." मग घाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "पावसाळ्यात घाटात धुका उतरतो, समोरचा काय दिसत नाय. तेव्हा त्याला डोंगर रंगवायला लागत नसतील?"

मी हा प्रश्न दुसऱ्या दिवशी सरांना विचारला. सर म्हणाले, "हा प्रश्न तुला सुचला?" मी खरं सांगितलं. सर म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन ये." काका गेले नाहीत. कॉलेजात गेलं की वह्या घेऊन जावं लागतं, अशी त्यांची समजूत होती.

त्यांना खरी काळजी वेगळीच होती. "त्या वरच्याला काय ठरवायचा असला, तर तो कौल कुणाला लावतो गो?"



त्यानंतर काकांनी वरच्याला फसवायचा चंग बांधला. मुरबाडला जायला म्हणून ते एसटीत बसले आणि मधेच, जिथे ना घर ना फाटा, तिथे गाडी थांबवायला लावली.

"इथं कोण उतरतं?" कंडक्टर म्हणाला.

"कोण उतरत नाय, म्हनूनच."

उतरले आणि दहा पावलांवर त्यांची चुलत बहीण डोक्यावर लाकडं घेऊन उभी. "बरा झाला आलास! सकाळपासून देवाला म्हनते, कोनाला तरी धाड. छपराची कौलं सरकलीत." काका दिवसभर तिच्या छपरावर होते. परत आले ते थेट आमच्या ओटीवर. "लिहिलेलाच होता," एवढंच म्हणाले आणि पाणीही न पिता घरी गेले.

मग म्हशाच्या जत्रेतून त्यांनी मुद्दाम बैलाची घुंगुरमाळ आणली. त्यांच्याकडे बैल नव्हता. काकींनी ती शांतपणे बकरीच्या गळ्यात बांधली. म्हणाल्या, "हरवते सारखी. यांना सांगनारच होते, काय तरी वाजनारा आना." काका कपाळाला हात लावून बसले. काकी मला हळूच म्हणाल्या, "यांना वाटतो, यांचा मन यांच्या ताब्यात हाय. मी पन वाटू देते."

माझं शेवटचं वर्ष संपलं आणि पुण्याला एम.सी.ए.साठी माझा नंबर लागला. हॉस्टेलही मिळत होतं. बाबांनी मला कधी अडवलं नव्हतं. भातलावणीच्या दिवसांतही त्यांनी मला कॉलेजला धाडलं होतं. पण मुरबाडहून मी रोज घरी येत होते. पुणे म्हणजे घाट ओलांडून. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देवाला विचारू. तो सांगंल तसा."

प्रवेश घ्यायला चार दिवस उरले होते. मी काकांकडे गेले. "काका, मला जायचंय."

"मला कशाला सांगतेस गो? मी कळ्या चिकटवतो. पाडनारा वेगळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात दहाबारा माणसं जमली. बाबांनी हात जोडले. "देवा, पोरीला पुन्याला धाडायची तर उजवा दे."

इतक्या लवकर पडलेली कळी मी आयुष्यात पाहिली नाही. डावीकडची.

बाबांनी श्वास सोडला. मी खाली बघितलं. कुणीतरी उठायला लागलं.

"बसा," काका म्हणाले. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग ते देवाकडे पाठ करून, देवासारखेच आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला. हात बरोबर त्या पडलेल्या कळीच्या बाजूला होता.

"उजवा दिलाय."

"अवो काका, डावी पडली," बाबा म्हणाले.

"तुझी डावी. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय. त्याचा हा हात कुठला?"

बाबा वळले. त्यांनी हात वर केला, पुन्हा वळले, पुन्हा केला. मग बाकीचेही उठले. थोडा वेळ सगळं गाव देवळात हात वर करून गोल गोल फिरत होतं.

शेवटी एक म्हातारे आजोबा थांबून म्हणाले, "आनि चाळीस वर्सा तू आपल्या हाताचा उजवा सांगत होतास, त्याचा काय?"

काकांनी पडलेली कळी उचलली. "चुकत होतो."

बाबांनी दुसऱ्याच दिवशी पुण्याला जाऊन माझा प्रवेश घेतला. पण पुढचा आठवडा गावात कुणाला झोप नव्हती. कोरड्या विहिरीचा मालक ओरडत होता, "तरीच पानी लागला नाय!" भरल्या विहिरीचा मालक रोज उठून पाणी आहे ना, ते बघत होता. आमच्या गल्लीतल्या एकाने बायकोला विचारलं, "मग आपला लगीन देवाच्या नकारावर झाला?" ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मला पयल्या दिवशीच कळलेला."

गावाने बैठक घेतली आणि कौल लावायचं काम काकांकडून काढून त्यांच्या पुतण्याला दिलं. काकांकडे फक्त दिवा लावणं राहिलं. पूर्वी त्यांच्या ओटीवर सकाळपासून माणसं बसलेली असायची. आता बकरी बसायची.

मी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडे गेले. रडायचं नाही असं ठरवून गेले होते. "काका, खरंच चाळीस वर्षं चुकत होता तुम्ही?"

त्यांनी काकी घरात आहेत का ते वाकून पाहिलं. "नाय गो. चाळीस वर्सा बरोबर होतो."

"मग?"

"त्या दिवशी चुकलो. मुद्दाम." आणि ते इतके खूश दिसले, की तसं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. "तो वर डोक्याला हात लावून बसला असंल."

मी शिकले, नोकरीला लागले. काका वारले ते मी शिकत असतानाच, माझी परीक्षा चालू होती. बाबांनी पेपर संपल्यावरच फोन केला. मला वाईट वाटायला नको म्हणून नव्हे. "काकाच सांगून गेलेला, पोरीला मधी बोलावू नका," असं ते म्हणाले.

यंदा गावी गेले तेव्हा देवळात गर्दी होती. एका मुलीला नर्सिंग शिकायला नाशिकला जायचं होतं. पुतण्याने कळ्या चिकटवल्या आणि नेहमीचा वाद सुरू झाला. उजवा कुणाचा? देवाचा की आपला? अर्धे लोक वळून हात वर करत होते. मुलीची आई म्हणाली, ही हुशार आहे. वडील म्हणाले, हॉस्टेल लांब आहे. आजी म्हणाली, मग काय झालं? माझे बाबा मधेच उठले आणि म्हणाले, "माझी गेली, तिला काय झाला?" बोलता बोलता मुलगी कोणत्या गाडीने जाणार इथपर्यंत आले, आणि मग सगळे चहाला गेले.

मी मागे राहिले. देवाच्या दोन्ही खांद्यांवर दोन कळ्या तशाच चिकटलेल्या होत्या.

मी बराच वेळ थांबले. एकही पडली नाही.