कुमुदमावशी आणि पोथ्यांचा सर्व्हर

फोन आला तेव्हा मी ग्रंथालयाच्या गच्चीवर होते. माकडांनी नेटची तार पुन्हा उपसून काढली होती आणि ती पाइपातून ओवताना माझे दोन्ही हात गुंतले होते. फोन मिश्रा चाचींचा होता. त्या कुमुदमावशीच्या खालच्या मजल्यावर राहतात, आणि एरवी बोलायला लागल्या की थांबत नाहीत. त्या सकाळी एवढंच म्हणाल्या, "मेधा बिटिया, दीदी नहीं रहीं... चाय लेकर गई थी, उठीं ही नहीं." तार तशीच टाकून मी खाली धावले, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण तसं झालं नाही. मी तार जोडली, यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेला पाहिला, आणि मग जिना उतरले. मंगला गौरीच्या गल्लीतून जाताना त्या पाच मिनिटांची मला फार लाज वाटत होती. आज सहा आठवड्यांनी वाटत नाही. काम अर्धवट टाकून आले असते, तर ते तिलाच आवडलं नसतं.

कुमुदमावशी माझी सख्खी मावशी नव्हे, आईची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींची घरं चार-पाच पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेली. तिच्या वडिलांकडे वेद शिकायला विद्यार्थी येत. मावशी गणित शिकली आणि शहरातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात लागली. तिथे मोठ्या सर्व्हरवर लिनक्स ही नवी संगणकप्रणाली आली. त्याची माहितीपुस्तकं इंग्रजीत होती, आणि ती शिकवणारं कुणी नव्हतं. ती शब्दकोश शेजारी घेऊन एकेक पान वाचत गेली. निवृत्त होईपर्यंत त्या विभागातल्या सगळ्या सर्व्हरांची व्यवस्था तिच्याकडे होती. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणे, "फुरसत कुठे मिळाली?"

मी तिच्याकडे गेले ती हरून. शिक्षण झालं होतं, नोकरीच्या तीन मुलाखतींत नापास झाले होते, आणि घरात कुणाशी बोलत नव्हते. आईनं हाताला धरून नेलं. मावशीनं सांत्वन वगैरे काही केलं नाही. एक जुना संगणक माझ्यासमोर ठेवला. "यात मी काहीतरी बिघडवून ठेवलंय. शोध." मी दोन तास झटले, काही उमगेना. शेवटी सगळं पुसून लिनक्स नव्यानं टाकलं आणि अभिमानानं सांगितलं, "झालं दुरुस्त." ती चष्म्यावरून बघत राहिली. "अगं, घरात चिचुंद्री शिरली म्हणून घरच पाडलंस?" बिघाड साधा होता. नोंदवह्या, म्हणजे यंत्र आपल्या कामाची जी नोंद ठेवतं ते लॉग, फुगून डिस्क भरली होती. एका आज्ञेत ते दिसलं असतं. "आधी बघायचं, मग वाचायचं, मग हात लावायचा," ती म्हणाली. त्यानंतर वर्षभर दर शनिवारी ती मला एक बिघडवलेलं यंत्र देत असे. कधी एखाद्या फायलीचे अधिकार बदललेले, कधी घड्याळच चुकवलेलं. बिघाड सापडला की चिवडा मिळे. नाही सापडला तरी मिळे, पण उशिरा.

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एक छोटं संस्कृत ग्रंथालय आहे. तिथल्या हस्तलिखित पोथ्यांची छायाचित्रं घेऊन ती संगणकावर ठेवायचं काम मावशीनं निवृत्तीनंतर अंगावर घेतलं, आणि मला तिथे चिकटवलं. गंगेला पूर आला की खालच्या पायऱ्या बुडतात, म्हणून सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर. पोथीतलं एकेक पान उलटायचं, दिव्याखाली ठेवायचं, टिपायचं. आठ वर्षं आम्ही हे केलं. काही पोथ्या इतक्या कुरतडलेल्या होत्या, की टिपल्यानंतर पुन्हा उघडण्याजोग्या राहिल्या नाहीत. त्यांची छायाचित्रं हीच आता पोथी.

रोज सकाळी आठला मावशीचा फोन येई. वर्तमानपत्राच्या आधी ती जगभरच्या संगणकसुरक्षेच्या बातम्या वाचायची. कुठल्या प्रणालीत कोणतं भोक सापडलं, कुठल्या इस्पितळाची यंत्रं कुणी ओलीस धरली, सगळं तिला ठाऊक. "आज अपडेट आलाय. दुपारी लाव, लोक जेवायला गेले की. आणि लावण्याआधी वाच, नुसतं हो-हो दाबू नकोस." माझी मुलगी तिला 'आठ वाजेवाली नानी' म्हणायची. दर महिन्याला मावशी आणखी एक गोष्ट करायची, आणि तिचं मला हसू यायचं. बॅकअपमधून, म्हणजे राखून ठेवलेल्या प्रतीतून, मनाला येईल ती एक पोथी ती परत काढायची, पडद्यावर उघडायची, आणि चार ओळी मोठ्यानं वाचायची. "प्रत आहे हे कशावरून? परत आली तर आहे," ती म्हणे. मला वाटे, वय झालं की माणसं असे एकेक विधी लावून घेतात...

मग ती सकाळ आली. सर्व्हर उघडला तर प्रत्येक फायलीच्या नावापुढे अनोळखी शेपूट, एकही पान उघडेना, आणि पहिल्याच जागी एक चिठ्ठी. सगळं कुलूपबंद केलंय, सोडवायचं तर पैसे द्या. सर्व्हरला जोडलेली बॅकअपची डिस्कही तशीच. मावशीला फोन केला आणि रडतच सांगायला लागले. तिनं मध्येच थांबवलं. "रडणं मागाहून. नेटची तार काढ. यंत्र बंद करू नकोस, त्याच्या पोटात काय चाललंय ते बघायचंय. कशाला हात लावू नकोस. मी येते."

सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. तीन मजले ती कशी चढली कोण जाणे. पाणी न पिता खुर्चीत बसली आणि लॉग वाचायला लागली. मी मागे उभी. पडदा सरकत होता, सरकत होता, आणि एका ओळीवर थांबला. मावशी खुर्ची बाजूला सरकवून म्हणाली, "वाच." बाहेरच्या एका अनोळखी पत्त्यावरून कुणीतरी पासवर्ड देऊन आत आलं होतं. खात्याचं नाव माझं होतं.

वाचताक्षणी मला आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी मुलीला ताप होता. घरून काम करता यावं म्हणून मी सर्व्हरचं बाहेरचं दार उघडलं होतं. मावशीचा नियम होता की बाहेरून यायचं तर डिजिटल किल्लीनंच, म्हणजे आपल्या संगणकात जपलेल्या गुप्त फायलीनं, पासवर्डनं कधीच नाही. मी म्हटलं, दोनच दिवस. ग्रंथालयाचं नाव आणि पुढे चार आकडे, असा पासवर्ड ठेवला. पोरीचा ताप उतरला, आणि ते दार मी विसरून गेले.

"मावशी, मीच..."

"हो," ती म्हणाली. "आता कागद घे. काय झालं, केव्हा झालं, कसं कळलं, आता काय करणार. या चार गोष्टी लिही. 'माफ करा' शेवटी लिही, आधी नको. आणि सचिवांना हे तू सांगायचंस. मी शेजारी बसते."

दुपारी सचिव आणि दोन विश्वस्त बसले. सचिव द्विवेदीजी तसे सज्जन, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तो ग़लती किसकी है?" त्यांनी विचारलं. मी कागदावरून मान वर केली. "मेरी." नोकरी गेली हे मी धरून चालले होते. त्याहून मोठी धास्ती ही, की आठ वर्षं आणि त्या कुरतडलेल्या पोथ्या माझ्या एका आळसानं गेल्या. तेवढ्यात मावशी म्हणाली, "और मेरी भी. हर हफ़्ते देखना था कि कौन सा दरवाज़ा खुला है. घुटनों का बहाना करके छोड़ दिया था मैंने." आणि मग, अगदी भाजी आणायला सांगावं तशा सुरात, "पोथियाँ हैं. मेरे घर हैं."

तिच्या घरी, देवघराच्या शेजारी, एक बुटका संगणक होता. तो रोज सर्व्हरकडून नव्या फायली स्वतः ओढून घ्यायचा, आणि कालची प्रत न पुसता आजची वेगळी ठेवायचा. सर्व्हरला त्याच्या घरात शिरता येत नव्हतं. त्यामुळे जो चोर सर्व्हरमध्ये आला, त्यालाही तिकडची वाट नव्हती. ही मांडणी तिनं मला दोनदा समजावली होती आणि मी दोनदा नीट न ऐकताच मान डोलावली होती. ती कशासाठी, हे मला त्या दुपारी कळलं.

चार दिवस लागले. नवी डिस्क, नवं लिनक्स, सगळे पासवर्ड नवे, बाहेरचं दार किल्लीशिवाय बंद. मग एकेका कपाटातल्या पोथ्यांच्या प्रती परत भरायला घेतल्या. पहिली पोथी उघडली तेव्हा मावशीनं नेहमीसारख्या चार ओळी वाचल्या, आणि या वेळी मी तिच्याबरोबर वाचल्या. शेवटच्या दिवसाची चाळीसेक पानं तेवढी गेली होती. ती मूळ पोथी धडधाकट होती, पुन्हा टिपली. द्विवेदीजींनी माझा कागद फायलीत लावला आणि म्हणाले, "जिसने लिखकर दिया है, वह दोबारा नहीं भूलेगी." माझी नोकरी राहिली. त्यापेक्षाही मोठं म्हणजे, मी त्या इमारतीत मान वर करून जाऊ शकले. ते मला मावशीनं दिलं. चूक झाकून तिनं मला वाचवलं असतं तर ते मिळालं नसतं.

या उन्हाळ्यात तिच्या हृदयाचं दुखणं वाढलं. पावसाळा सरला तशी एका दुपारी ती ग्रंथालयात आली, दर मजल्यावर दम खात. मी उठायला लागले. "बस. तूच टाइप कर. माझं खातं बंद कर."

"कशाला? बरी झालीस की..."

"जो यायचं थांबणार, त्याचा प्रवेश त्याच दिवशी थांबवायचा. सोडून गेलेल्यांच्या जुन्या खात्यांतूनच शिरतात गं चोर, रोज बातम्यांत वाचतेस." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. माझाच नव्हता. मी म्हटलं, "मग पुसून टाकू?"

"पुसू नकोस. कुलूप लाव. पुसलंस तर फायलींपुढचं नाव जाईल आणि नुसता आकडा राहील. उद्या कुणी विचारलं हे काम कुणाचं, तर काय सांगशील, एक हजार एकचं?"

दोघी हसलो. मी पासवर्डला कुलूप लावलं. तिनं पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, बाहेरून यायचा प्रयत्न केला, आणि थेट आत आली. मी चकित. "पासवर्ड बंद केलास, पण माझी किल्ली?" ती म्हणाली, आणि इतकी खूश झाली, जणू मी शनिवारची ती मुलगी होते आणि बिघाड अजून सापडायचा होता. मी तिची किल्ली काढली, खात्याची मुदत संपवली. तिनं पुन्हा प्रयत्न केला. प्रवेश नाकारला. "हं," ती म्हणाली, "आता झालं." लॅपटॉप मिटला. आम्ही चहा प्यायलो. ती परत कधी आली नाही.

तो बुटका संगणक आता माझ्या घरी आहे, आणि महिन्याची पोथी मी उघडते. परवा सर्व्हरवर जुन्या फायलींची यादी काढली. एका ओळीत एक फाइल, तिचा आकार, तारीख, आणि मालकाचं नाव. कुमुद. खाली सरकत गेले तरी कुमुद, कुमुद, मध्येच कुठे मेधा, पुन्हा कुमुद. एका आज्ञेत सगळं माझ्या नावावर करता येतं. तसं न करण्यानं सुरक्षेला काही बाधा नाही, हे मी दोनदा तपासून पाहिलं. मग यादी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि तशीच राहू दिली.